सटवाजीनं पाडलेलं भोक

सटवाजीचा आणि माझा उस्ताद एकच. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मदतीच्या ट्रकांची रांग लागली, तेव्हा आम्ही दोघं किल्लारीच्या रस्त्यावर चिखलात आडवे पडून क्लचप्लेटा बदलत होतो. पण उस्ताद येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सटवाजीच्या हाताला बरकत हाय." माझे हात काय केळी सोलायला होते? तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, ते आजतागायत.

पुढे सटवाजी नांदेडला गेला आणि मी लातूरला औसा रोडवर गॅरेज टाकलं. गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तसे सर लोक गिऱ्हाईक म्हणून येऊ लागले. त्यातलेच बायोलॉजीचे राघवेंद्र सर. आठवडाभर लातूर, शनिवार-रविवार नांदेड, आणि फिरणं वडिलांच्या जुन्या अँबॅसिडरमधून. गाडीचा पाण्याचा पंप गेला तेव्हा त्यांच्या भावानं परदेशातून विजेवर चालणारा पंप पाठवला. सरांनी तो बसवायला कुणाला द्यावा? नांदेडच्या सटवाजीला. सरांच्या लातूरच्या घरापासून मी दोन किलोमीटरवर असताना! आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

डिसेंबरात सर माझ्या दारात आले. "मलप्पा, सकाळी इंजिन लवकर गरमच होत नाही हो."

मी थर्मोस्टॅट बाहेर काढला. इंजिन तापेपर्यंत पाणी आत अडवायचं आणि तापलं की रेडिएटरकडे सोडायचं, एवढंच त्या झडपेचं काम. आमच्याकडचे निम्मे मिस्त्री उन्हाच्या धास्तीनं ती काढूनच टाकतात. सटवाजीनं काढली नव्हती, पण तिच्या पत्र्याला चक्क ड्रिलनं भोक पाडलं होतं. मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला.

"ही बघा नांदेडची कारागिरी! ह्यातून गार पाणी फिरून राहिलंय. इंजिन तापंल कसं?"

नवा थर्मोस्टॅट मी पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात टाकून सरांना दाखवला. तो झकास उघडला. मग बसवला, पाच मिनिटं इंजिन चालवलं, झालं काम. "आधीच तुमच्याकडे यायला हवं होतं," सर म्हणाले. ते वाक्य मी घरी बायकोला, सिंधूला, तीनदा ऐकवलं.

शनिवारी सकाळी सरांचा फोन आला. दोनदा थांबून, पाणी घालून त्यांनी गाडी कशीबशी चाकूरपर्यंत नेली होती आणि आता बॉनेटमधून वाफा येत होत्या. मी धावतपळत पोचलो. पाणी भरलं, पंप बघितला, फ्यूज बघितले. सगळं ठीक होतं, तरी तापमानाचा काटा वरच चढायचा. तिकडे नांदेडला क्लासात दोनशे पोरं खोळंबलेली. शेवटी सरांनी माझ्यासमोरच सटवाजीला फोन लावला.

तो बसनं आला, तोवर दुपार झाली होती. सर समोरच्या हॉटेलात बसले होते. सटवाजीनं इंजिन चालू करायला लावलं आणि थोड्या वेळानं रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या पाइपला हात लावला. इंजिन उकळत होतं आणि पाइप गार होता.

"थर्मोस्टॅट बदललास का रं?"

"हाव. भोक हुतं त्याला."

"मीच पाडलं हुतं. ही बाजूची नळी बघ, थर्मोस्टॅट बंद असताना हिच्यातनंच पाणी फिरायचं. नव्या पंपाला ती जुळंना, म्हून मी बंद केलेली. आता भोक न्हाई तर पाणी जागचं हलत न्हाई. थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी आलंच न्हाई, तर तो उघडंल कशानं?"

ती बंद नळी मला दिसली होती. पण सटवाजीची चूक सापडल्याच्या आनंदात मी तिचा विचारच केला नव्हता.

शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात त्यानं माझ्या नव्या थर्मोस्टॅटला भोक पाडून आणलं आणि बसवलं. काटा जागेवर आला. सर हॉटेलातून परतले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं, "चूक कुणाची होती?"

सटवाजी हात पुसत म्हणाला, "कुणाचीच न्हाई, सर. पार्ट खराब निघाला. मलप्पानं काम बरोबर केलं हुतं."

इथं मी गप्प बसायचं होतं. अब्रू राहिली असती, गिऱ्हाईक राहिलं असतं. पण उस्तादांचा लाडका आता माझ्यावर उपकारही करणार? माझ्या अंगाची आग आग झाली.

"खोटं बोलून राहिलाय तो," मी म्हणालो. "पार्ट चांगला हुता. चूक माझी हाय, आन् त्याला म्हाईत हाय."

सरांनी सटवाजीकडे वळून पाहिलं. "म्हणजे तू मला तोंडावर खोटं सांगितलंस?"

सर गाडीत बसले आणि निघून गेले. ती गाडी पुन्हा आम्हा दोघांपैकी कुणाकडेच आली नाही. मलप्पा निदान खरं तरी बोलला, असं मात्र सरांनी लातूरभर सांगितलं, आणि लोक मला इमानदार म्हणू लागले.

मी म्हणू देतो. सटवाजीचा चेहरा पडला तेव्हा मला बरं वाटलं होतं, फार बरं वाटलं होतं, हे मी कुणाला सांगत नाही. त्या दिवशी तो रस्त्याच्या कडेला नांदेडच्या बसची वाट बघत उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे न बघता माझं सामान आवरत बसलो.