त्रिकोणाच्या दारापाशी

मी एक म्हातारा पांढरा उंदीर आहे. वय वर्षे दोन. हसू नका मित्रांनो, आमच्यात दोन वर्षांचा म्हणजे पणजोबाच! माझ्या कानाला सतरा आकड्याचा बिल्ला आहे. तेच माझे नाव.

माझा जन्म प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यात झाला. आम्ही नऊ भावंडे. पुढे मी आणि माझी बहीण अठरा, एवढेच एकत्र राहिलो. झोपताना ती माझ्या पाठीवर हनुवटी टेकायची. पिंजरे धुणारे काका म्हणायचे, "काय गं अठरे, भाऊ आहे की उशी?"

तिथल्या डॉक्टरबाईंना एक गोष्ट शोधायची होती. घडून गेलेला प्रसंग माणसाला आठवतो, तसा जनावराला आठवतो का? रोज घोकलेला पाढा ही सवय, असे त्या म्हणत. एकदाच घडलेले मनात राहिले, तरच ती आठवण. त्यासाठी त्यांनी एक लाकडी पेटी केली. तिला दोन दारे होती, एकावर गोल, दुसऱ्यावर त्रिकोण. गोलामागे एकदाच शेंगदाणा ठेवायचा. आठ दिवसांनी दारे धुऊन, वास घालवून, उंदराला पुन्हा सोडायचे. तो गोलाकडे गेला की बरोबर.

पहिल्या दिवशी आम्हा दोघांना सोडले. मला शेंगदाणा सापडला. अर्धा मी खाल्ला, अर्धा तिच्यासाठी ठेवून मागे वळलो. तेवढ्यात त्रिकोणाचे दार उघडले, हातमोजा घातलेला हात आत आला आणि तिला उचलून घेऊन गेला. ती एकदाच किंचाळली. दार बंद झाले.

बाहेर काय बोलणे झाले, ते मला काकांकडून पुढे कळले.

"शेजारच्या विभागाला औषधाच्या चाचणीसाठी हवीय ती," बाई म्हणाल्या. "आठ दिवस थांबतो म्हणालेत. सतरा पास झाला तर माझं काम चालू राहील, मग तिला परत मागून घेईन."

"आणि नापास झाला तर?" काकांनी विचारले.

बाईंनी तक्त्यात शेंगदाण्याचे दार लिहिले: गोल.

आठ दिवस माझ्या पाठीवर कुणाची हनुवटी नव्हती. नवव्या दिवशी मला पेटीत सोडले. मी गोल पाहिला, त्रिकोणही पाहिला. तडक त्रिकोणाकडे गेलो आणि फटीत नाक खुपसून बसलो.

"चूक," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पार खाली गेला होता.

"चूक कशी बाई? अठरीला तिथूनच नेलं ना? बहिणीच्या दाराशी बसलाय तो!"

"असेलही, काका. पण तक्त्यात शेंगदाण्याचं दार लिहिलंय. आता बदललं तर ती लबाडी होईल."

"मग करा की एकदा लबाडी! मुठीएवढा जीव तिचा. नाहीतर परत सोडा त्याला."

"परत सोडलं की ती आठवण राहत नाही, काका. सवय होते."

मित्रांनो, बाई दुष्ट नव्हत्या. फुली मारण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा पेटीत वाकून पाहिले. पण फुली मारली ती मारलीच.

दुसऱ्या दिवशी काका माझा पिंजरा धुवायला आले. बराच वेळ फडकेच पिळत राहिले. मग म्हणाले, "अठरी गेली रे, त्या औषधाच्या चाचणीत. तू गोलाकडे गेला असतास तर..." आणि पुन्हा फडके पिळू लागले.

आता बाईंचे काम बंद आहे. माझा पिंजरा काकांच्या सामानाच्या खोलीत असतो, समोरच ती पेटी धूळ खात पडली आहे. काका रोज एक शेंगदाणा देतात. अर्धा मी खातो, अर्धा तसाच राहतो. संध्याकाळी ते तो उचलतात.

मुलांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाची तरी परीक्षा घ्याल. तेव्हा बरोबर आणि चूक यांच्या शेजारी आणखी एक रकाना मोकळा ठेवा. माझ्यासाठी आता त्याचा काही उपयोग नाही.

मी विसरलो नव्हतो. शेंगदाणा कोणत्या दारामागे होता, तेही मला आठवत होते. त्या गोलाच्या दारातूनच ती परत येणार होती, एवढेच मला कुणी सांगितले नव्हते.