विंगेतला नवरा

नाटकात राजाचं काम करणाऱ्या राजेसाहेबांना एकही वाक्य पाठ होत नसे. आवाज असा की शेवटच्या रांगेत डुलक्या घेणारा माणूसही सरळ बसावा, छाती रुंद, चाल डौलदार. पण पाठांतराच्या नावानं आनंदीआनंद. रंगमंचावर ते जे काही बोलायचे, ते आधी विंगेत बसलेला प्रॉम्प्टर कुजबुजायचा आणि मग ते गर्जायचे. एकदा प्रॉम्प्टर स्वतःशीच "शिंक येतेय" असं पुटपुटला, तर राजेसाहेबांनी भर दरबारात "शिंक येतेय" म्हणून तलवार उपसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक राजाला टाळ्या वाजवतात, शब्द कुणाचे ते विचारत नाहीत.

गोष्ट आहे ती या प्रॉम्प्टरची. नाटकातली सगळ्यांची वाक्यं त्याला तोंडपाठ, पण स्वतःचं म्हणून एक वाक्य धड बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. लग्नाची मागणीसुद्धा त्याच्या वतीनं थोरल्या भावानं घातली होती. आणि बायको मिळाली ती थेट राणीचं काम करणारी. विंगेच्या अंधारातून तो तिच्याकडे बघत बसायचा आणि ही आपल्याजवळ कशी काय राहिली याचं त्याला रोज नव्यानं आश्चर्य वाटायचं. ती गेली तर आपल्यात काहीच उरणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. अशा माणसाचे कान फुंकायला फारशी अक्कल लागत नाही.

प्रधानाचं काम करणाऱ्याकडे अक्कल गरजेपेक्षा जास्तच होती. नाटकात हा प्रधान राजाच्या मनात राणीविषयी विष कालवतो, राजा खातरजमा न करता तिला विषाचा पेला देतो, आणि ती मेल्यावर खरं कळून ऊर बडवतो. रंगमंचाबाहेर मात्र प्रधानासारखा गोड माणूस नाही. कुणाचं मूल आजारी पडलं की औषध घेऊन हा दारात हजर. "खलनायकाचं काम करणारा माणूस मनानं सोनं असतो," असं प्रॉम्प्टर सगळ्यांना सांगायचा. त्याला हे कुणी सांगितलं होतं? प्रधानानंच.

"मी बोलू नये," एकदा मेकअपच्या खोलीत मिशी चिकटवता चिकटवता प्रधान म्हणाला, "पण वहिनी दुपारच्या कुठे जातात रे?"

"बहिणीकडे."

"हो का. मग बहिणीकडेच जात असतील." आणि त्यानं मिठाची गुळणी धरली.

प्रॉम्प्टरनं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे स्वारी बोलती झाली. "अरे, मागच्या जिन्यात त्या राजेसाहेबांबरोबर बसलेल्या दिसल्या. रोजच दिसतात. तू मनावर घेऊ नकोस, भाऊ म्हणून सांगतो. आणि त्यांना काही विचारूही नकोस. बायकामाणसं विचारलं की सावध होतात."

शहाण्या माणसानं घरी जाऊन, जेवता जेवता, सरळ विचारलं असतं. आमचा हा शहाणा दुसऱ्या दिवशी दुपारी थिएटरच्या मागच्या जिन्याखाली, मोडक्या सिंहासनाआड जाऊन बसला.

वर दोघं होती. बायकोचा आवाज हळू होता, काही कळेना. मग राजेसाहेब बोलले आणि याच्या अंगावर काटा आला.

"तुझ्याशिवाय," राजेसाहेब म्हणाले, "मला खुर्चीसुद्धा टोचते."

आता हे वाक्य नाटकात नव्हतं. नाटकातलं अक्षर न् अक्षर त्याला ठाऊक होतं. शिवाय आपण सांगितल्यावाचून राजेसाहेबांच्या तोंडून वाक्य बाहेर पडलेलं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. म्हणजे हे थेट काळजातून आलं असणार. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. प्रॉम्प्टरचं मात्र त्या एका वाक्यानं घर बसलं.

रविवारी दुपारचा प्रयोग होता. थिएटर भरलेलं. दोन अंक तो कसाबसा वाक्यं देत राहिला, अगदी प्रेमाचीसुद्धा. आपल्या बायकोला दुसऱ्यानं काय म्हणावं हे आपणच त्याच्या कानात सांगायचं, ही शिक्षा शत्रूलाही होऊ नये. तिसऱ्या अंकात प्रधान पेला घेऊन उभा राहिला, राणी गुडघ्यावर बसली, आणि प्रॉम्प्टरच्या तोंडून, स्वतःशीच, हळूच निघून गेलं:

"बहिणीकडे जाते म्हणतेस आणि जिन्यात बसतेस."

"बहिणीकडे जाते म्हणतेस," राजेसाहेब गर्जले, "आणि जिन्यात बसतेस!"

राणी दचकली. पण नटी पक्की. "कोणत्या जिन्यात, महाराज?"

राजेसाहेबांनी कान विंगेकडे केला. प्रॉम्प्टरला आता थांबता येईना. बाण सुटलाच होता. "मागच्या जिन्यात. या नालायकाबरोबर."

"मागच्या जिन्यात! या नालायकाबरोबर!" राजेसाहेबांनी सवयीप्रमाणे जोरदार शब्दावर स्वतःच्याच छातीवर हात मारला. त्या जिन्यात आपणच बसलेलो होतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

राणी उठून उभी राहिली. राजेसाहेबांकडे स्वतःचे शब्द नसतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? तिनं राजाकडे पाठ केली आणि विंगेतल्या अंधाराकडे तोंड करून विचारलं, "अहो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"प्रधानानं," विंगेतून आलं.

"प्रधानानं!" राजेसाहेब म्हणाले.

प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण नाटकातही ते खरंच होतं. फक्त प्रधानाच्या हातातला पेला कलंडला आणि विषाच्या जागी ओतलेला कोरा चहा त्याच्या अंगरख्यावर सांडला.

"मी जिन्यात बसत होते हे प्रधानजींना माहीत होतं," राणी म्हणाली, "आणि का बसत होते तेही माहीत होतं. महाराजांकडून वाक्यं पाठ करून घेत होते मी. ती पाठ झाली की विंगेतला माणूस मोकळा होणार होता, आणि नाटक कंपनीचे मालक त्याला प्रधानाचं काम देणार होते. तुम्हाला आधी सांगून आशेला लावायचं नव्हतं, म्हणून बहिणीचं नाव घेतलं."

"खुर्ची टोचते," विंगेतून चिरका आवाज आला, आणि राजेसाहेबांनी तोही भारदस्तपणे पोचवला.

"तुजवाचून हे सिंहासन मज काट्यांचे," राणी म्हणाली. "दुसऱ्या अंकातलं. दोन महिन्यांत यांना तेवढंच आलं, आणि तेही असं."

मग तिचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत तिनं रंगमंचावर किती वेळा रडून दाखवलं असेल, पण हा आवाज त्याला नवा होता. "विचारायचं तर मला विचारायचं होतं. एका घरात राहतो आपण. एका ताटात जेवतो. आणि तुम्ही विचारलं कुणाला, तर या प्रधानाला? आता मात्र मी खरंच जाते बहिणीकडे."

राजेसाहेब कान देऊन उभे होते. विंगेतून काहीच येईना. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पदरानं डोळे पुसले. आणि मग विंगेतून एक बारीक माणूस बाहेर आला, जाड चष्मा, पायात घरातल्या चपला, आणि दिव्यांच्या झोतात डोळे मिचकावत राणीसमोर उभा राहिला. बोलायला तोंड उघडलं. शब्द नाही. पश्चात्तापाची सगळी भाषणं पाठ होती त्याला, राजांची, सरदारांची, बापांची. आपलं एकही नव्हतं.

राणी एक पाऊल जवळ आली. मग ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल इतक्या हळू, ती म्हणाली, "चुकलो म्हणा."

"चुकलो," तो म्हणाला.

"मागच्या रांगेला ऐकू गेलं नाही."

"चुकलो," तो ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला. पाठोपाठ राजेसाहेबांनीही सवयीनं, खणखणीत आवाजात, "चुकलो!" म्हणून टाकलं.

नाटक संपवणं भाग होतं. तिनं प्रधानाच्या हातून पेला ओढून घेतला, त्यात राहिलेला चहाचा घोट घेतला आणि आजवर कधी मेली नव्हती इतकी सुंदर मेली. प्रेक्षक उठून उभे राहिले. प्रॉम्प्टरला काय करावं सुचेना, म्हणून तो तिच्याजवळ गुडघे टेकून बसला आणि खरोखरच रडायला लागला.

"रडणं पुरे," मेलेली राणी डोळे मिटूनच पुटपुटली. "घरी चला, मग बघते तुमच्याकडे."

पुढचं त्याच्या कानात शिरलंच नाही. ती 'घरी चला' म्हणाली होती.