ताईचं डोकं आणि आम्ही चौघं

अरे थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मध्येच विचाराल की डॉक्टरकडे अख्खी वरात कशाला गेली होती!

माझी ताई घड्याळं दुरुस्त करते. नुसते सेल बदलत नाही हां, खरंखुरं काम. डोळ्याला भिंग लावायचं, श्वास रोखायचा आणि केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने उचलायची. शेजारी कोणी शिंकलं तरी तिचा पारा चढतो. दुकान घड्याळवाल्या काकांचं. ते आमच्या नात्यातले नाहीत, पण सात वर्षं हाताला धरून शिकवलंय त्यांनी तिला, मग नात्यातले नाहीत असं तरी कसं म्हणू? आता काकांचा हात कापतो. खिडकीजवळचं स्वतःचं टेबल ते ताईला देणार होते. आणि नेमकं तिथेच घोडं अडलं. दीड वर्षं ताईचं डोकं दुखत होतं. रोज. रोज म्हणजे अगदी रोज!

काय काय नाही केलं आम्ही? चष्म्याचा नंबर तपासला, ठीक. नाकाचा एक्स-रे काढला, ठीक. मानेला पट्टा घातला, तर महिनाभर ताई हाक मारली की अख्खी वळायची, कपाटासारखी. मावशी म्हणाली, "ओले केस बांधतेस, म्हणून." शेजारच्या काकूंनी तर निदानच करून टाकलं, "लग्नाचं वय झालं की दुखतं असं." ताई म्हणाली, "काकू, तुमचं तर झालंय, मग तुमचे गुडघे कशाने दुखतात?" म्हणजे डोकं ठणकत होतं, पण जीभ शाबूत होती.

शेवटी ते नळीसारखं मोठं मशीन झालं. एमआरआय. रिपोर्ट आला, सगळं नॉर्मल! बाबा इतके खूश झाले की दवाखान्याच्या जिन्यातच सगळ्यांना फोन लावायला लागले. आणि ताई? ती पायरीवर बसली आणि रडायलाच लागली.

"काहीतरी निघायला हवं होतं गं," मला म्हणाली. "आता सगळ्यांना वाटणार मी नाटकं करते."

मी आपली नुसती तिची पर्स धरून उभी.

त्या दिवशीच तिने ठरवून टाकलं की हे सगळं भिंगामुळे होतंय. टेबल सोडायचं आणि पुढे काउंटरवर घड्याळांचे पट्टे विकायला बसायचं. काकांना सांगितलंसुद्धा. काका बराच वेळ भिंग पुसत बसले. मग म्हणाले, "एक शेवटचा डॉक्टर बघ. मग सोड. मी अडवणार नाही."

मग डोकेदुखीच्या खास डॉक्टर शोधल्या. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, दुखणं थांबवायच्या गोळ्या घेता का? ताई म्हणाली, लागली तर एखादी. त्या म्हणाल्या, ठीक आहे, महिनाभर सगळं लिहा आणि घेऊन या.

आता बघा हं, काकांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळाला एक चिठ्ठी अडकवतात. सकाळ-संध्याकाळ बघायचं, किती सेकंद पुढे, किती मागे, तेवढंच लिहायचं. काय केलं ते लिहायचं नाही, घड्याळ कसं वागतंय ते लिहायचं. काकांचा कडक नियम! ताईने स्वतःच्या डोक्याच्या चिठ्ठ्या अगदी तशाच केल्या. दहापैकी किती दुखतंय, तेवढंच: सकाळी चार, दुपारी सात, तासाभराने तीन, संध्याकाळी पाच.

महिन्याने आम्ही सगळे गेलो. काकांनी चक्क दुकान बंद ठेवलं. खोलीत खुर्च्या दोन आणि आम्ही पाच. डॉक्टर म्हणाल्या, "एवढ्या सगळ्यांचं दुखतंय का?"

मग त्यांनी चिठ्ठ्या पसरल्या. "काय सुंदर लिहिलंय! पण दुपारी सात, आणि तासाभरात तीन. मध्ये काय झालं?"

"गोळी घेतली," ताई म्हणाली.

"मग ती कुठाय इथे?"

"गोळी कशाला लिहायची?" ताईला खरंच कळेना. "चिठ्ठीवर बिघाड लिहितात. दुरुस्ती कोण लिहितं?"

"आणि अशी दुरुस्ती रोज किती वेळा होते?"

ताईने तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "सकाळची एक मी देते ना, चहाबरोबर. एकच हं!"

बाबा आईकडे बघायला लागले. "सकाळी? अगं, मी संध्याकाळी देतो. दारातून आली की हातावर ठेवतो."

मी म्हटलं, "डब्यात... मी पण एक ठेवते. दुपारसाठी."

काका खोकले. "चार वाजले की मी ड्रॉवरमधली पुढे करतो. पोरीचा चेहरा बघवत नाही हो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच देतोय!

"सगळे इतक्या मायेने द्यायचे," ताई हळूच म्हणाली, "नाही कुणाला म्हणू? मोजल्याच नाहीत मी कधी."

मग डॉक्टरांनी समजावलं. मूळ दुखणं अर्धशिशीचं, ते अधूनमधून यायचं. पण रोज गोळी मिळाली की डोक्याला तिची सवय लागते. गोळीचा असर उतरला की डोकं पुन्हा दुखतं, मग पुन्हा गोळी. "भिंग सोडू नका, या गोळ्या सोडा," म्हणाल्या. रोज घ्यायचं वेगळं औषध लिहून दिलं, आणि बजावलं की पहिले दोन आठवडे जास्त दुखेल.

आई रडवेली झाली. "म्हणजे आम्हीच तिला..."

"तुमचा काय दोष? हे तिला आधीच्या प्रत्येक डॉक्टरने खोदून विचारायला हवं होतं. पहिल्या दिवशी मीसुद्धा. आता फक्त चौघांनी हात खिशात ठेवा."

खिशात! बोलायला काय जातंय! सहाव्या दिवशी दुपारी घरी मी आणि ताई दोघीच. भिंतीला धरून आली, डोळे लाल.

"एक दे."

"नाहीये."

"तुझ्या बॅगेत आहे. अर्धी दे. कुणाला सांगणार नाही."

होती, पाळीत पोट दुखलं की मला लागते ती. आणि मी हिला आजवर कशाला नाही म्हटलेलं नाही, माझा नवा ड्रेससुद्धा आधी तीच घालते. तरी म्हटलं, नाही.

"बहीण आहेस की वैरीण?"

मी बेसिनपाशी गेले, एकेक गोळी दाबून बाहेर काढली आणि नळ सोडला. तिच्यासमोर. मग तिला उलटी झाली, मी पाठ चोळत बसले, माझं मनगट तिने इतकं आवळलं की नखं रुतली. पडदे ओढले, ओलं फडकं कपाळावर. ती झोपल्यावर मी पोटभर रडून घेतलं.

अकराव्या दिवशी चिठ्ठीवर तीन आलं. मग दोन. मग एके दिवशी शून्य! ताईला खरंच वाटेना, तिने खोडून पुन्हा शून्यच लिहिलं.

काल ती दोन तासांसाठी दुकानात गेली. टेबलावर. घरी आम्ही तिघं उगाच कामात असल्याचं दाखवत होतो. ती आली, चपला काढल्या, आमच्याकडे बघितलं.

"विचारा की! दुखलं. चार वाजता."

आईचा चेहराच पडला. "मग गं?"

"मग काय? उठले, पाणी प्यायले, जरा डोळे मिटून बसले. गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गेलं म्हणजे गेलं, आई. आपलं आपण!" आणि हात धुता धुता म्हणाली, "उद्या माझा डबा भरा. पूर्ण दिवस बसणार आहे."