दुखणं मोजणारे सहा चेहरे

मी एक जुना तक्ता आहे. हातभर लांब, वीतभर रुंद, वरून चकचकीत प्लास्टिक चढवलेला. माझ्या अंगावर सहा गोल चेहरे छापलेले आहेत. पहिला हसतो, त्याच्याखाली शून्य लिहिलं आहे. मग दोन, चार, सहा, आठ असं करत चेहरे उतरत जातात आणि शेवटचा, दहा नंबरचा, ढसाढसा रडतो. मित्रांनो, पेशंटने माझ्याकडे बघायचं, आपल्याला किती दुखतंय ते ठरवायचं आणि त्या चेहऱ्यावर बोट ठेवायचं. ताप मोजायला थर्मामीटर, तसा दुखणं मोजायला मी. फरक इतकाच की थर्मामीटरमध्ये पारा असतो. माझ्यात नुसती शाई.

माझा जन्म दवाखान्यातला नाही. मला एका औषध कंपनीने छापून घेतलं. त्या कंपनीने दुखणं थांबवणारी एक जबर गोळी काढली होती. गोळी अफूच्या घराण्यातली, पण घराण्याचं नाव कुणी काढत नसे. एका गठ्ठ्यात आम्ही दोनशे भावंडं होतो. कंपनीचा माणूस आम्हाला गाडीत घालून दवाखान्यादवाखान्यांतून वाटत फिरला. एकाही डॉक्टरने नको म्हटलं नाही. फुकट ते पौष्टिक.

आमच्या डॉक्टरांच्या टेबलासमोर खिळा ठोकताना तो म्हणाला, "दुखतं कुणाला? पेशंटला. मग किती दुखतं ते सांगणार कोण? तोच. तुम्ही आकडा लिहायचा आणि त्या मापाने गोळी द्यायची. वाद नाही, डोकेफोड नाही."

डॉक्टर हसले. ते वाईट नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. बाहेर बाकावर तीस-तीस माणसं बसलेली असत आणि प्रत्येकाला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगायचं असे. मी आलो आणि सगळ्यांच्या कहाण्या एका बोटावर आल्या.

माझ्या पायाशी दोन ओळी होत्या. ठळक ओळ अशी: 'पेशंट सांगेल तो आकडा खरा माना.' तिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत: 'सांगितल्याप्रमाणे घेतल्यास या गोळीची सवय लागत नाही.' आपल्या पायाशी काय लिहिलंय ते मला कधी दिसलं नाही. पण डॉक्टर ते पेशंटना इतक्या वेळा वाचून दाखवत की माझं पाठ झालं.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची गेली. शस्त्रक्रियेनंतर कण्हत आलेली माणसं आठवड्याभराने सरळ चालत येत. एक आजोबा म्हणाले होते, "सकाळी चार असतं, सूनबाई समोर आली की आठ." सगळा दवाखाना हसला. नर्सबाई रोज ओल्या फडक्याने माझे सहाही चेहरे पुसायच्या. मीही फुगलो होतो. गोळी वाईट आहे असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो, आजही म्हणत नाही. ज्याचं हाड मोडलंय किंवा पोट कापलंय, त्याच्यासाठी ती देवासारखी धावून येते. देव आल्यावर परत कधी जाणार, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मग फरशीवाला आला. जिन्यावरून फरशांचा गठ्ठा चढवताना त्याच्या मणक्यातली गादी सरकली होती. त्याची मोठी बहीण त्याला धरून आत घेऊन आली. ती पडदे शिवायची. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून नर्सबाईही ताईच म्हणू लागल्या. त्याने बोट आठवर ठेवलं. ते खरं होतं. इतके आकडे पाहिल्यावर खरा आठ मला कळतो.

ताईने विचारलं, "या गोळीची सवय नाही ना लागायची?"

डॉक्टरांनी पेनच्या टोकाने माझ्या पायाशी टकटक केलं. "हे बघा, छापलंय."

छापलंय म्हटल्यावर ताईने गोळीची चिठ्ठी घेतली. आपल्याकडे छापील अक्षराचा केवढा मान.

महिन्याभरात त्याचं बोट दोनवर आलं. तो पुन्हा कामाला लागला आणि उपकार फेडायचे म्हणून त्याने दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत नवी फरशी बसवून दिली. गुडघ्यांना पट्टे बांधून तो चार दिवस खपला. शेवटी एकेक फरशी बोटाच्या पेराने वाजवत गेला. नर्सबाईंनी विचारलं, तर म्हणाला, "वरून सगळ्या सारख्याच दिसतात. खाली सिमेंटचा माल नीट बसला नसेल तर पोकळ वाजते. वाजवल्याशिवाय कळत नाही." त्याला दोन फरश्या पोकळ सापडल्या. त्याने त्या उखडून पुन्हा बसवल्या.

त्याच दिवशी गोळी थांबवायला हवी होती. कुणीच थांबवली नाही, कारण ती चालू असताना सगळं छान चाललं होतं.

दोन-तीन महिन्यांनी दोनचा चार झाला, चाराचा सहा. गोळी तीच, पण पुरेनाशी झाली. डॉक्टरांना शंका आली. त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं. ज्याने विकायचं त्यालाच विचारलं म्हणजे काय उत्तर येणार? तो म्हणाला, "पेशंट मागतोय म्हणजे दुखणं अजून पुरतं दबलेलं नाही. मात्रा वाढवा." डॉक्टरांनी मात्रा वाढवली. गरज सरो आणि वैद्य मरो, अशी म्हण आहे. इथे गरज सरूच नये अशी सोय होती.

मित्रांनो, डॉक्टर हात धुवायला आत गेले की खोलीत फरशीवाला आणि मी दोघंच उरत असू. तो माझ्या आठ नंबरच्या चेहऱ्याकडे बघून भुवया तशा वळवायचा, ओठ तसे खाली ओढायचा. दुसऱ्या प्रयत्नात बरोबर जमायचं. आणि मी काय करणार? मी तर त्याचा आरसा झालो होतो. डॉक्टर परत आले की तो बोट ठेवायचा आठवर. मला तो आठ खोटा आहे हे कळायचं. त्याचं दुखणं खोटं नव्हतं, आकडा खोटा होता. दुखणं तिसऱ्याच जागी होतं.

एकदा त्याने ते सांगायचा प्रयत्न केला. त्या दिवशी तो एकटाच आला होता. डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "किती?"

त्याने हात मांडीवरच ठेवला. म्हणाला, "डॉक्टर, पाठ नाही दुखत आता."

"अरे वा. मग?"

"गोळीची वेळ टळली की अंग अंग दुखतं. नाक गळतं, घाम फुटतो, पाय जागेवर राहत नाहीत. परवा फरशी सपाट बसली का ते बघायच्या लेव्हलमधला बुडबुडाच ठरेना, इतका हात थरथरत होता. मग गोळी घेतली की बरं. हे यात कुठे बसतं?" आणि त्याने माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरांनीही बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. माझ्या सहा चेहऱ्यांत त्या दुखण्याचा चेहरा नव्हता. कंपनीने तो छापलाच नव्हता, कारण तो छापला असता तर गोळी कोण लिहून देणार? बाहेर कुणीतरी दार वाजवलं. डॉक्टर म्हणाले, "बरं, पण आकडा काय लिहू? काहीतरी लिहावं लागतं."

त्याने वाजणाऱ्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "लिहा, आठ."

डॉक्टरांनी आठ लिहिला. माझी लाज मला त्या दिवशी वाटायला लागली ती अजून वाटते.

पुढे गावोगाव अशी माणसं गोळ्या जास्त होऊन मरू लागली तेव्हा बोंब झाली. आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयातून पत्र आलं: इतक्या गोळ्या कुणाकुणाला लिहिल्या, खुलासा करा. डॉक्टर घाबरले. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या डॉक्टरांनी ताक ओतूनच दिलं. एका सोमवारपासून सगळ्यांच्या गोळ्या बंद. काल सांगेल तो आकडा खरा मानणारे डॉक्टर आज कुणाचाच आकडा खरा मानेनात.

ताई धावत आली. म्हणाली, "एकदम नका हो तोडू. हळूहळू कमी करा, मी स्वतःच्या हाताने देईन. त्याला उभं राहता येत नाही."

"मला समजतंय. पण उद्या माझा परवाना गेला तर? ही घ्या, व्यसनमुक्ती केंद्राची चिठ्ठी."

"तिथे विचारून आले मी. तीन आठवड्यांनी या म्हणाले. तीन आठवडे कसे काढायचे त्याने?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

व्यसन. पाच वर्षांत हा शब्द या खोलीत कुणी उच्चारला नव्हता. डॉक्टरांनी लावलं ते औषध होतं, तेच डॉक्टरांनी नाकारलं की व्यसन झालं.

पुढचं मला नर्सबाईंच्या बोलण्यातून कळलं. फरशीवाल्याने नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी त्याने बाहेरून, कुणाकडून तरी, गोळ्या घेतल्या. दिसायला तशाच होत्या. आत काय होतं ते देव जाणे. कामावर जेवणाच्या सुट्टीत तो भिंतीला टेकून झोपला आणि घोरू लागला. सोबतचे म्हणाले, बिचारा किती दिवसांनी झोपलाय, झोपू दे. ते घोरणं नव्हतं, श्वास अडकत होता. सुट्टी संपल्यावर उठवायला गेले तेव्हा उशीर झाला होता.

डॉक्टरांनी मला खिळ्यावरून काढलं. आठवड्याभरात माझ्या जागी नवा तक्ता आला: 'व्यसनाची लक्षणे ओळखा.' कागद छान होता, प्लास्टिक चकचकीत होतं. त्याच कंपनीने पाठवला होता.

नर्सबाई काहीच टाकून देत नाहीत. त्यांनी मला प्लास्टर घालायच्या खोलीत, भिंतीचे पोपडे झाकायला चिकटवलं. प्लास्टिक पिवळं पडलं, कोपरे वर आले. फडकं आता कुणी मारत नाही. माझ्याकडे बघण्याची वेळ कुणावर येऊ नये अशी माझी इच्छा होती.

दीड वर्षाने ताई आली. पडदा लावताना स्टुलावरून पडली होती. उजवं मनगट सुजून, काट्याच्या चमच्यासारखं वाकलं होतं. नव्या, तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना ताई कोण ते माहीत नव्हतं. त्यांनी भिंतीवर मला पाहिलं आणि सहज विचारलं, "किती दुखतंय? दाखवा बरं यात."

ताईने मला ओळखलं. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब जमले होते. तिने डावा हात उचलला आणि बोट ठेवलं ते पहिल्या चेहऱ्यावर, हसणाऱ्या शून्यावर.

"अहो, हात बघा तुमचा. दुखत कसं नाही?"

"नाही दुखत. गोळी नको, इंजेक्शन नको. काही नको. तसंच बसवा हाड."

नर्सबाईंनी तोंड उघडलं, पण ताईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या गप्प झाल्या. डॉक्टरीणबाई घुटमळल्या. मग त्यांनी माझ्या पायाशी वाचलं, पेशंट सांगेल तो आकडा खरा माना, आणि कागदावर शून्य लिहिलं. माझ्यावर बोट ठेवून पुष्कळ जण खोटं बोलले असतील, पण इतकं मोठं खोटं कुणी बोललं नव्हतं. हाड ओढताना ताईने स्वतःचा दंड दातांत धरला. ती ओरडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दुखतंय म्हणालं तर आकडा विचारू नका. काय झालं ते विचारा, आणि सांगून होईपर्यंत जवळ बसून राहा. औषध लागलं तर बिनधास्त घ्या. दुखणं सोसण्यात शहाणपण नाही. पण ज्या दिवशी गोळी सुरू होईल, त्याच दिवशी ती कधी आणि कशी थांबवायची, तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि कुणाला सवय लागलीच, तर त्याला दारातून हाकलू नका. त्याला आत घ्या.

ताईने दुखणं अंगात दाबून ठेवल्याने हात आखडला, हाड नीट जागेवर आलं नाही. ते तसंच जुळलं. आता तिला उजव्या हाताने कात्री धरता येत नाही, आणि दवाखान्याच्या कागदावर अजून शून्यच लिहिलेलं आहे.