लंकाबाईचा नेम

“बाई, वस्तू टेबलावर ठेवा आणि बाजूला व्हा,” हवालदार सावळेराम म्हणाला.

लंकाबाईने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर काढलं. टेबलावर ठेवण्याआधी तिने अंगठ्याने खटका सरकवला, गोळ्यांचं चक्र बाहेर पाडलं, सहाही घरं हवालदाराला दाखवली आणि नळी भिंतीकडे करून ते खाली ठेवलं. “रिकामं हाय,” ती म्हणाली.

हवालदार रिव्हॉल्वरकडे न बघता तिच्या अंगठ्याकडे बघत राहिला. भिमाजी वाबळ्याला जाऊन तेरा दिवस झाले होते. लायसन्सवाला माणूस गेला की हत्यार ठाण्यात जमा करायचं, हा नियम होता. ते जमा करायला घरची बाई स्वतः आलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

बाई एकटी मात्र नव्हती. धाकटा दीर रखमाजी सोबत होता. त्याने खिशातून टाइप केलेला कागद काढून तिच्यापुढे धरला. “वयनी, हितं सही करा. लगेच व्हतंय काम.”

“काय लिवलंय?”

“काय न्हाई, आपलं नेहमीचं.”

लंकाबाई सातवी शिकली होती, पण चष्मा घरी राहिला होता. तिने कागद हवालदारापुढे सरकवला. हवालदाराने मोठ्याने वाचलं. मयताचं रिव्हॉल्वर त्याचा भाऊ रखमाजी याच्या नावावर करण्यास पत्नीची हरकत नाही, असा मजकूर होता.

“हरकत हाय,” लंकाबाई म्हणाली.

रखमाजी हसला. “मंग कुणाच्या नावावर करायचं?”

“माज्या.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा शिपाईही मान वर करून बघू लागला. रखमाजी वळून दाराशी गेला आणि तिथूनच म्हणाला, “चला घरी. दुःखात माणूस कायबी बोलतं.”

ती दुःखात होती हे खरं, पण बोलली ते दुःखात नव्हे.

भिमाजीने ते रिव्हॉल्वर चौऱ्याण्णव साली घेतलं होतं. तेव्हा तो दूध सोसायटीचा चेअरमन होता. विहिरीच्या पाण्यावरून कुणीतरी त्याला मारायची धमकी दिली आणि त्या धमकीच्या जोरावर त्याला लायसन्स मिळालं. धमकी देणारा पुढच्याच वर्षी त्याच्या पंगतीत जेवून गेला, पण रिव्हॉल्वर कमरेला राहिलं. निमगाव सावात लग्न असो की ओझरला गणपतीचं दर्शन, भिमाजी सदऱ्याचं टोक जरा वर खोचून चालायचा, म्हणजे कातडी कव्हर दिसायचं. माणूस स्वभावाने गरीब. त्या कव्हरामुळे लोक त्याला ‘या शेठ’ म्हणायचे, आणि त्यातच त्याला सगळं मिळायचं.

एक गोष्ट फक्त लंकाबाईला माहीत होती. भिमाजीला गोळीच्या बाराचा आवाज सोसत नसे. घोडा ओढताना त्याचे डोळे गच्च मिटायचे.

शेतापलीकडे दगडाची एक बंद पडलेली खाण होती. दिवाळीत सगळीकडे फटाके उडत, तेव्हा चार बार कुणाच्या ध्यानात येत नसत, म्हणून भिमाजी सरावाला दिवाळीतच जायचा. शहाण्णव सालच्या पाडव्याला त्याने बायकोलाही नेलं. रॉकेलचा रिकामा डबा दगडावर ठेवून त्याने पाच गोळ्या झाडल्या. डब्याला ओरखडाही उठला नाही. सहावी गोळी शिल्लक होती. त्याने रिव्हॉल्वर तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, “घे, तू उडीव. पर लई झटका देतं, जपून.”

लंकाबाईने दोन्ही हातांनी धरलं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं, आणि ते जडपण तिला आवडलं. नळीच्या टोकावर बारीक उंचवटा होता, भिमाजी त्याला माशी म्हणायचा. ती माशी डब्यावर आणली, श्वास अर्धा सोडून थांबवला आणि बोट हळूहळू आवळलं. डबा उडून मागच्या कपारीत जाऊन पडला.

भिमाजी जाऊन डबा घेऊन आला, भोकात करंगळी घातली, आणि मग असा हसला की त्याला दगडावर बसावं लागलं.

त्यानंतर दर पाडव्याला लंकाबाईने ओवाळलं की तो ताटात सहा काडतुसं ठेवायचा. गावात कुणाला लुगडं मिळे, कुणाला जोडवी, हिला काडतुसं. ती का आवडतात हे तिला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. घरात दिवसभर कुणी ना कुणी तिच्या नावाने हाक मारत असे, सासू, जनावरं, चूल, पोरगी. माशी निशाण्यावर आली आणि श्वास थांबला, की त्या तेवढ्या वेळात कुणाचीच हाक ऐकू येत नसे. आणि बार झाल्यावर जे भोक पडे, ते तिने पाडलेलं असे. तिने केलेल्या भाकरी संध्याकाळपर्यंत संपत, सारवलेली जमीन आठ दिवसांत उखणे. भोक मात्र राही.

भोकं पडलेला डबा भिमाजीने ओसरीवर टांगला होता. पाहुणा आला की तो विचारायचा, “शेठ, हे तुमचं काम?” भिमाजी मिशीवरून हात फिरवायचा. हो म्हणायचा नाही आणि नाहीही म्हणायचा नाही. आतून चहा घेऊन येणारी लंकाबाई पाहुण्याच्या नजरेला नजर देत नसे, कारण तिला हसू आवरत नसे.

अर्ज लिहायला तिची मुलगी नूतन आली. नूतन नारायणगावला दिलेली, प्राथमिक शाळेत मास्तरीण. तिला हे काही पसंत नव्हतं.

“आई, काका म्हणतात ते दे ना त्यांना. तू काय करणार ते घेऊन?”

“जे करत व्हते तेच.”

“बरं, कारण काय लिहू? बिबट्या लिहू? आजूबाजूला सगळ्या उसात बिबटे आहेत, लगेच पटेल.”

“बिबट्या माज्या वाटंला गेला न्हाई. त्याचं नाव कशाला घेऊ?”

कारणाची जागा कोरी ठेवून अर्ज पुण्याला गेला. सहा महिन्यांनी चौकशीला बोलावणं आलं. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्याने तिला बसायला सांगितलं.

“जिवाला धोका कुणापासून आहे?”

“कुणापासून न्हाई.”

“मग हत्यार कशासाठी?”

“आवडतं म्हणून.”

साहेब थोडा गोंधळला. “बाई, आवडीसाठी लायसन्स मागणारे पुष्कळ येतात. पण सगळे धोका सांगतात.” मग कागद चाळत त्याने सहज विचारलं, “चालवता येतं का तुम्हाला?”

टेबलाखाली नूतनने आईच्या पायावर पाय दाबला. ती काय सांगते आहे हे लंकाबाईला कळत होतं. हो म्हटलं तर लायसन्स नसताना चालवलं हा गुन्हा. वर ओसरीवरचा डबा खोटा ठरणार, आणि गेलेल्या माणसाचं हसं होणार. नाही म्हटलं तर सगळं झाकलेलं राहणार होतं.

“येतं,” ती म्हणाली. “मालकांच्या देखत शिकले. आमच्या वसरीवर डबा हाय, त्याची सगळी भोकं माजी हायेत.”

कारकुनाचं टायपिंग थांबलं. साहेब हळू आवाजात म्हणाला, “हे मी लिहून घेतलं तर तुमच्यावर केस होईल.”

“घ्या लिवून. खोटं बोलून मागायचं असतं तर बिबट्याच सांगितला असता.”

साहेबाने ते लिहिलं नाही. पण महिन्याभराने नकाराचं पत्र आलं. धोका सिद्ध होत नाही, एवढंच त्यात होतं. आणि कारकून पंचक्रोशीतलाच असल्यामुळे पत्राच्या आधी डब्याची गोष्ट गावात आली. पारावर लोक भिमाजीचं नाव काढून हसले. रखमाजी संतापून घरी आला.

“दादाची इज्जत घालवली तुमी. मेल्यावर.”

लंकाबाई शेंगा फोडत होती. ती उठली नाही. “त्येंची इज्जत माज्या नेमावर उभी व्हती, भाऊजी. त्येन्ला ठावं व्हतं. त्येन्ला कधी लाज वाटली न्हाई, तुमाला का वाटती?”

रखमाजीने डब्याकडे बघितलं आणि निघून गेला. पुढे त्याने ओळखी लावून स्वतःच्या नावाने नवं लायसन्स काढलं. त्याच्या अर्जात बिबट्या होता.

लंकाबाईने वरच्या कचेरीत अपील केलं. दरम्यान दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती ठाण्यात जायची. पिशवीत शिवणयंत्राचं तेल आणि जुन्या धोतराचा तुकडा असायचा. पहिल्या खेपेला सावळेराम म्हणाला, “तसा नियम न्हाई, मावशी.”

“गंजू द्यायचा तरी नियम हाय का?”

त्याने कपाट उघडलं. तिने त्याच्यासमोर बसून नळी पुसली, चक्र पुसलं, तेलाचा हात दिला आणि परत केलं. असं अडीच वर्षं चाललं. ठाण्यात तिला लोक ओळखू लागले. चहा येऊ लागला. काही जण मागून हसायचेही. तिने चहा घेतला आणि हसणं कानावर घेतलं नाही.

अपिलाचा निकाल आला तेव्हा त्यात एक अट होती. निशाणेबाजीच्या क्लबातून प्रशिक्षणाचा दाखला आणायचा. नूतन या खेपेला न सांगता रजा टाकून आली आणि म्हणाली, “चल. मलाही बघायचंय.”

पुण्याच्या क्लबात ट्रॅकसूट घातलेली कॉलेजची पोरं होती. नऊवारीतली बाई बघून त्यांनी एकमेकांना कोपरं मारली. शिकवणारे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार होते. त्यांनी नियम सांगितले, आवाज अडवणारे बोळे कानांत घालायला दिले आणि क्लबाचं रिव्हॉल्वर पुढे ठेवलं. तीन वर्षांत लंकाबाईने घोडा ओढला नव्हता. पहिली गोळी कागदाच्या कडेला लागली. तिने रिव्हॉल्वर खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला, पुन्हा उचललं. उरलेल्या पाच गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसल्या.

सुभेदारांनी कागद जवळ घेऊन पाहिला. “कोणी शिकवलं?”

“मालकांनी.”

“ते चांगले निशाणेबाज असतील,” सुभेदार म्हणाले.

“न्हाई. ते सोता डोळं मिटायचे. मला मात्र उघडं ठिवायला शिकवलं.”

परतीच्या एसटीत राजगुरुनगर मागे पडल्यावर नूतन म्हणाली, “बाबा डोळे मिटायचे, हे मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू कधी इचारलं न्हाईस.” मग थोड्या वेळाने लंकाबाई म्हणाली, “शिकायचं का?”

“नको गं,” नूतन म्हणाली, आणि हसली.

दोन हजार सहाच्या ऑगस्टात लायसन्सचं पुस्तक हातात आलं. त्यावर तिचा फोटो होता आणि नाव होतं, लंकाबाई भिमाजी वाबळे. त्या वर्षी पाडव्याला ओवाळायला कुणी नव्हतं. तिने स्वतःच पुण्याहून काडतुसं आणली आणि एकटी खाणीत गेली. फटाके थांबलेले असतानाही तिने बार काढले. ज्याला ऐकायचं त्याने ऐकलं.

पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेच्या निवडणुका लागल्या आणि सगळी हत्यारं ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. लंकाबाई गेली तेव्हा टेबलापुढे रांग होती. माजी सरपंच, बागाईतदार, दोन व्यापारी आणि तिच्या लगेच पुढे रखमाजी, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. कुणीतरी म्हणालं, “मावशी, तुमी पुढं जा, बायामाणूस.”

“न्हाई. रांगंत हाय मी.”

सावळेराम एकेक हत्यार उघडून तपासत होता. सरपंचाच्या रिव्हॉल्वरवर अजून कारखान्याचं ग्रीस होतं. एका व्यापाऱ्याच्या पिस्तुलात कापसाचे धागे निघाले. रखमाजीचं चक्र बाहेर येईना. सावळेरामने अंगठा लावला, मग टेबलावर आपटून पाहिलं, मग ते तसंच बाजूला ठेवलं. “वापर न्हाई वाटतं,” तो म्हणाला.

लंकाबाईचा नंबर आला. तिने चक्र उघडून समोर ठेवलं. सावळेरामने बोटाने फिरवलं, तसं ते आवाज न करता फिरत राहिलं. त्याने नळी नाकाशी नेली आणि जरा वेळ तशीच धरली.

“कधी उडवलंय?”

“परवा.”

सावळेरामने वहीत नोंद केली, पावती फाडली आणि म्हणाला, “मतमोजणी झाली की आठवड्याभरात या.”

“दुसऱ्या दिशी यीन,” लंकाबाई म्हणाली. पावतीची घडी करून तिने चोळीत खोवली आणि रांगेतल्या माणसांनी दिलेल्या वाटेतून ती बाहेर पडली.