शारजाहून आलेली होडी

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यापलीकडे धर्मसिंगचा तांडा. शाळा, दवाखाना, सगळं समोरच्या काठाला. सडकेनं जायचं तर भलामोठा वळसा, म्हणून तांड्यातली लेकरं थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, दोन्ही काठांना बांधलेली दोरी ओढत पाणी ओलांडायची. धर्मसिंगचा धाकटा भाऊ थावरा याच तराफ्यावरून घसरला आणि चौथ्या दिवशी सापडला.

धर्मसिंगचा मुलगा संतोष शारजात होड्या दुरुस्त करण्याच्या कारखान्यात रंगकाम करायचा. काकाचं जाणं त्यानं मनाला लावून घेतलं. वर्षभरानं तिथल्या एका म्हाताऱ्या मासेमाराकडून त्यानं जुनी फायबरची होडी विकत घेतली. दहा माणसं आरामात बसतील एवढी. ती मुंबईच्या जहाजावर चढवली आणि बापाला फोन केला.

"बा, जूनात तांड्यावर येती बघ."

जूनच्या सुरुवातीलाच होडी आली खरी, पण बंदरातच अडकली. फाईल बगलेत धरून धर्मसिंग मुंबईला गेला. कस्टमची कामं करणाऱ्या एजंटनं कागद चाळले.

"काका, होडी जुनी आहे. जुन्या मालाची तपासणी होते, इंजिनिअरचा दाखला लागतो. आणि हा विक्रीचा कागद अरबीतला, साधा, शिक्क्याशिवायचा. विकणाऱ्याकडून नवा करून घ्या, भाषांतर करा. दोन-अडीच महिने धरा." मग तो जरा पुढं झुकला. "नाहीतर होडी नवी आहे असं लिहू. बिल मी तयार करतो. परवा टेम्पोत भरून न्या."

धर्मसिंगनं फार विचार केला नाही.

"न्हाई साहेब. कागदावर संतोषचं नाव हाय. उद्या खोटं निघालं तर माझं पोरगं विमानतळावरच धरतील. येळ लागला तर लागू द्या, पण बराबर कागदानं आणा."

परत येताना त्याला स्वतःबद्दल बरंच वाटलं होतं. रूपाबाईला सांगितलं, तर तीही म्हणाली, "बरं केलं तुमी."

मग सुरू झाल्या खेपा. संतोषनं फोनवर पाठवलेले कागद छापून आणायला धर्मसिंग दर आठवड्याला जवळा बाजार गावी जायचा. तिकडं शारजात तो म्हातारा मासेमार मुलीकडं दुसऱ्या गावी निघून गेलेला. संतोषला सुट्टी शुक्रवारचीच. त्याची सही मिळायलाच दीड महिना गेला.

ऑगस्टात एका सकाळी वारं सुटलं होतं. तराफ्यावर सहा लेकरं होती. मधोमध आल्यावर तो एका बाजूनं कलला. तांड्यातल्याच पेमाची धाकटी मुलगी पुनम पाण्यात पडली. तिच्या थोरल्या बहिणीनं, सातवीतल्या पुजानं, पाण्यात उतरून तिला वर ढकललं. पुनमच्या हाताला दोरी लागली. पुजाच्या हाताला काहीच लागलं नाही.

ओरडा ऐकून धर्मसिंगच पहिला धावला होता. हवा भरलेली ट्यूब घेऊन तो मधोमध पोचला, तोवर पाणी सपाट झालं होतं. दुसऱ्या दिवशी भोयांच्या जाळ्यात पुजा लागली. पाठीवर दप्तर तसंच होतं.

एकोणीस दिवसांनी होडी सुटल्याचा फोन आला.

टेम्पो तांड्यात शिरला तेव्हा बायाबाप्ये गोळा झाले, पण कुणी मोठ्यानं बोलेना. तांड्याच्या पुढाऱ्यानं नारळ फोडला. पेमा गर्दीतून पुढं आला. होडीच्या कडेवरून त्यानं हात फिरवला आणि वाकून धर्मसिंगच्या पायाला हात लावला.

"काका, तांड्यासाठी लई तकलीफ घेतली तुमी. माझ्या पुजाच्या नशिबात नव्हती, त्याला तुमी तरी काय करणार."

रूपाबाईनं नवऱ्याकडं बघितलं. गप्प ऱ्हा, असं ती डोळ्यांनी सांगत होती. धर्मसिंगला ते कळलं. पण पेमाचे हात पायावर होते, आणि ते त्याला सोसेनात.

"पेमा, उठ. ही होडी जूनातच आली असती."

"काय म्हणता?"

"एजंट म्हणला, खोटं लिव्हू, दोन दिसांत न्या. मीच न्हाई म्हणलो. संतोषला धरतील म्हणून भ्यालो."

 पेमा हळूहळू उभा राहिला.

"दोन दिसांत?"

"व्हय."

"म्हंजी शाळा भरायच्या आत."

धर्मसिंगनं मान डोलावली. पेमा शिव्या देईल, अंगावर येईल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. पेमानं होडीच्या कडेला हात टेकला.

"तुमी तुमचं पोरगं सांभाळलं," शेवटी तो म्हणाला. "मीबी तेच केलं असतं, असं म्हणावं वाटून राहिलं काका. पण म्हणवत न्हाई."

तो घराकडं निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून धर्मसिंगच वल्हं धरू लागला. सकाळी लेकरं नेऊन सोडायची, संध्याकाळी परत आणायची. संतोषचा फोन आला की, होडी बराबर चालती, एवढंच तो सांगायचा. पुजा बुडाल्याचं त्यानं तेव्हाच रडत सांगितलं होतं; एजंटचं मात्र लेकाला सांगणं त्याच्यानं झालं नाही.

आठ दिवस पेमानं पुनमला घरीच ठेवलं. नवव्या दिवशी तिला हाताला धरून तो काठावर आला. धर्मसिंगकडं त्यानं बघितलं नाही. पाण्याकडं बघत म्हणाला, "हिला मधी बसवा."

धर्मसिंगनं दोन पोरांना सरकायला लावलं आणि पुनमला मधोमध बसवलं.

पेमा काठावरच उभा राहिला, होडी पलीकडं लागेपर्यंत.