अंगठ्यानेच अंगठा दाखवला

मी मागे नेणारा त्रिकोण बोलतोय. भूमितीच्या वहीतला नव्हे, फोनच्या पडद्यावरचा. अगदी तळाशी, डाव्या कोपऱ्यात, डावीकडे टोक करून बसलेला एवढासा. माझ्या शेजारी गोल आणि त्याच्या पलीकडे चौकोन. गोलाचा तोरा मोठा, कारण तो माणसाला एका दमात घरी पोचवायचा. चौकोन उघड्या राहिलेल्या कामांची जंत्री दाखवत बसायचा. मी मात्र जन्मभर एकच काम केलं. चुकलेल्या माणसाला एक पाऊल मागे आणलं.

आता मी ते काम करत नाही. करू दिलं जात नाही. कुणाची निंदानालस्ती करायला मी तोंड उघडलेलं नाही, पण मनात राग आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

माझा जन्म बेंगळुरूच्या एका कचेरीत, सातव्या मजल्यावर झाला. माझ्या टोकावरून दोन पोरं तीन दिवस भांडत होती. एकाला टोक अणकुचीदार हवं होतं, दुसऱ्याला गोलसर. शेवटी गोलसर ठरलं, कारण जेवायची सुट्टी झाली होती. आमच्या जातीला एकच देह नसतो. माणसाने फोन बदलला की आम्ही सामानसुमान न बांधता नव्या घरी हजर. पण इतक्या लाखो पडद्यांवर राहूनही मी मनाने राहिलो एकाच माणसाकडे. मैसूरच्या नंजुंडाचारींकडे.

नंजुंडाचारी म्हणजे शिसवी लाकडात पांढऱ्या लाकडाचे बारीक तुकडे बसवून हत्ती, मोर, वेलबुट्टी करणारे कारागीर. वय एकोणसत्तर. चाळीस वर्षं सरस आणि पॉलिश पेपर हाताळून त्यांचा उजवा अंगठा असा घट्ट झाला होता की बँकेच्या यंत्राला त्यावर एक रेघ सापडायची नाही. त्यांची मुलगी नागश्री माझ्याच कचेरीत इंजिनियर. पाच वर्षांपूर्वी तिनेच त्यांच्या हातात पहिला फोन दिला.

"अप्पा, कुठेही अडकलात तरी घाबरायचं नाही," ती म्हणाली. "हा त्रिकोण दाबायचा. दाबत राहायचं. कुठून ना कुठून घरी पोचालच."

त्यांनी चष्मा लावून मला निरखलं. लेकीला ते लाडाने पुट्टी, म्हणजे छकुली, म्हणायचे. "अगं पुट्टी, हा तर किनारीचा तुकडा."

पेटीच्या किनारीला असेच त्रिकोणी तुकडे बसतात. त्यांनी आयुष्यात असे किती कापले असतील, त्याला गणती नाही. त्या दिवसापासून माझं नाव तुकडा पडलं आणि मला ते आवडलं.

परत येता येतं हे एकदा कळल्यावर हा माणूस फोनवर कुठे कुठे म्हणून भटकला नाही! परदेशातल्या जुन्या पेट्या, मशिदींच्या जाळ्या, चिनी पडदे, सगळं बघून यायचा. चुकला की माझ्यावर टक् करायचा आणि मी त्याला मागे आणायचो. एखादी नक्षी आवडली की फोन कामाच्या फळीवर उभा करायचा, उजेड पूर्ण वाढवायचा आणि तासन् तास ती बघून लाकूड कापायचा. पडदा विझूच द्यायचा नाही. मीही कोपऱ्यात उजळून बसायचो. ते माझे सुखाचे दिवस.

मग संक्रांतीला नागश्री तीळगुळाबरोबर नवा कोरा फोन घेऊन आली.

"अप्पा, यातली आवृत्ती अजून बाजारात आलेली नाही. कच्ची आहे."

"कच्ची म्हणजे पॉलिश न मारलेली?"

"तसंच समजा. यात बटणं नाहीत. कडेवरून बोट आत सरकवलं की मागे. खालून वर सरकवलं की घरी."

"आणि तुकडा?"

"तुकडा कशाला हवा आता? तीन वर्षं याच कामावर आहे मी, अप्पा. साठीच्या वरच्या चाळीस जणांना फोन दिलेत. तुम्हा लोकांना जमलं तर बटणं कायमची जातील. नाही जमलं तर राहतील. तेव्हा मला खरं काय ते सांगायचं."

हे सगळं मी शेजारीच पडलेल्या जुन्या फोनमधून ऐकत होतो. मला काडीची काळजी वाटली नाही. माझा जीव नंजुंडाचारींच्या हातात होता, आणि त्या हाताला मी चांगला ओळखत होतो.

आणि खरंच, त्या नव्या पद्धतीने म्हाताऱ्याला घाम फोडला. त्यांचा अंगठा टक् करायला पक्का, पण सरकवला की काचेला तो अंगठा आहे हेच कळेना. पाच वेळा सरकवावं तेव्हा एकदा फोन थरथरायचा. पुढची नक्षी बघायला जावं तर फोन त्यांना उचलून भलतीकडेच टाकायचा. मागे जावं तर कडेला दडलेली कुठलीशी यादी धाडकन पुढ्यात यायची.

त्यांचे मित्र कृष्णेगौडा, बसमधले निवृत्त कंडक्टर, रोज कॉफीला यायचे. ते चार दिवस बघत राहिले.

"नंजुंडा, फोनला काय ओवाळतोयस सकाळपासून?"

"मागे जातोय."

"असा मागे गेलास तर पोचशील पुढच्या वर्षी. आण इकडे. माझ्या सुनेने सांगितलंय, सेटिंगमध्ये जुनी बटणं दडवून ठेवलीत."

गौडांनी इकडे तिकडे टकटक केलं, आणि मी कोपऱ्यात उगवलो. म्हाताऱ्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. "आलास का रे तुकड्या? आता तुला कोण घालवतो ते बघतोच." हे शब्द मी जपून ठेवले. तेच आज मला सगळ्यात जास्त टोचतात. मग नवा फोनही कामाच्या फळीवर तासन् तास उजळत उभा राहू लागला.

दर रविवारी नागश्रीचा फोन यायचा. "अप्पा, जमतंय ना?"

"एकदम छान. लोण्यासारखं चालतं," असं म्हणत म्हणत हे मलाच दाबत असायचे. पहिल्यांदा मला गंमत वाटली. दोन-तीन रविवार गेल्यावर वाटेनाशी झाली.

गौडा एकदा बोललेच. "पोरीशी खोटं कशाला बोलतोस? तिने खरं सांग म्हटलंय ना?"

"तिची तीन वर्षं आहेत रे त्यात. सख्ख्या बापालाच जमत नाही म्हटलं तर चारचौघांत तिने तोंड कसं दाखवायचं? आणि मी एकटा आहे का? चाळीस जण आहेत. कुणीतरी सांगेलच."

गौडांनी कॉफीचा पेला खाली ठेवला आणि विषय बदलला. मी मात्र त्या 'कुणीतरी'वर विसंबून राहिलो. दुसरं करणार तरी काय?

गौरीच्या सणाला नागश्री माहेरी यायची होती. आदल्या दिवशी म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने सेटिंग उघडून मला बंद केलं. बंद केलेल्या बटणालाही ऐकू येतं, हे माणसांना माहीत नसतं. दुपारी होळिगे, म्हणजे तिकडची पुरणपोळी, खाऊन झाल्यावर तिने चित्रीकरणासाठी आपला फोन त्यांच्यासमोर धरला. म्हणाली, "अप्पा, तुमचा अनुभव सांगा. साहेबांना दाखवायचाय."

यांनी हळूच पाण्याच्या पेल्यात अंगठा बुडवला. ओला अंगठा नीट सरकतो, हे त्यांनी रात्रभर नव्हे, आठवडाभर घोटून ठेवलं होतं. एकदा सरकवला आणि फोन शहाण्यासारखा मागे गेला.

"पहिले दोन दिवस चुकलो," ते म्हणाले. "मग हातात बसलं. आता त्या बटणाची आठवणसुद्धा येत नाही."

जमलं एवढं म्हणून थांबता आलं असतं. आठवण येत नाही, हे तर तिने विचारलंच नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं. पाच वर्षं ज्या अंगठ्याला मी बोट धरून फिरवलं, त्या अंगठ्यानेच मला अंगठा दाखवला. मला फार लागलं ते.

नागश्रीने त्यांच्या गळ्यात हात टाकले. संध्याकाळी ती गेली, आणि तिची बस अजून गावाबाहेर पडली नसेल तोच यांनी मला पुन्हा चालू केलं. "रागावलास?" असंही विचारलं. त्यांनी दाबलं आणि मी मागे नेलं.

दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी पक्की आवृत्ती आली. सकाळी फोन आपोआप बंद होऊन उघडला तेव्हा मी नव्हतो. म्हाताऱ्याने सेटिंग शोधलं, गौडांनी शोधलं. जुन्या बटणांची ओळच काढून टाकलेली. मग ते पेटीवर पुन्हा जुनेच हत्ती काढू लागले. हत्ती पाठ होते, त्यांना फोन लागत नव्हता. कुठे बघायला जाणं बंद. फोन वाजला तर उचलायचा, एवढंच उरलं.

दसऱ्याला नागश्री आली. दसऱ्याला तिकडे घरोघर बाहुल्या मांडतात, त्यांचा फोटो पाठवायला तिने त्यांचा फोन उचलला. पांढरंशुभ्र पान उघडलं आणि तिचा हात थांबला. पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात, फिकट करडा त्रिकोण दिसत होता, शेजारी गोल आणि चौकोनाच्या पुसट खुणा. तिने ओढणीने पुसलं.

"धूळ असेल," अप्पा म्हणाले.

"धूळ त्रिकोणी नसते, अप्पा." तिने फोन उजेडात तिरका धरला. "एकाच जागी महिनोन्महिने उजळत राहिलं तरच काच असा डाग धरते. आणि हा फोन मी दिला तेव्हा यावर बटणं नव्हती."

अप्पा नखातला सरस काढत बसले.

"मी तुम्हाला खरं सांगायला सांगितलं होतं. मुलगी म्हणून नव्हतं विचारलं."

"मी बाप म्हणूनच सांगितलं ना," ते पुटपुटले. "मला वाटलं, दुसरं कुणीतरी सांगेल."

"कोण दुसरं? बाहेरचे लोक मिळेनात म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापले आईवडील दिले होते. चाळीसच्या चाळीस जणांनी सांगितलं, छान आहे." तिने फोन पालथा ठेवला. "त्याच्या जोरावर मी साहेबांशी भांडून ती ओळ काढायला लावली, अप्पा."

मग तिने बरोबर काम करणाऱ्या प्रमोदला फोन लावला. "तुझी अम्मा आपला फोन वापरते ना रे?"

"हल्ली नाही. देवघरातल्या फळीवर ठेवून दिलाय. म्हणते, डोळे दुखतात."

नागश्रीने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. साहेबांना ती पत्र लिहिणार आहे. तोवर पक्की आवृत्ती लाखो फोनांवर गेली आहे, आणि गेलेलं परत आणणं हे काम फक्त मलाच येत होतं.

आता मी बटण नाही, डाग आहे. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसाला काही नवं दिलंत तर जमतंय का म्हणून तोंडाने विचारू नका. तो छान म्हणेल. जवळ बसा आणि अंगठा कुठे जातो ते बघा.

नागश्री परत गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नंजुंडाचारी कामाच्या फळीशी बसले. फोनवर तिने लिहिलेला पोचल्याचा निरोप होता. एकच ओळ, एरवीसारखी चौकशी नाही. त्यांनी तो वाचला आणि सवयीने अंगठा माझ्यावर ठेवला. दाबला. पुन्हा दाबला.

"तुकड्या," ते म्हणाले, "मागे ने रे."

कुठवर न्यायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. गौरीच्या दुपारपर्यंत, एवढं मला कळलं. माझा सगळा राग तिथेच संपला, पण मी जागचा हललो नाही. डागाला हलता येत नाही.